बावीस छेद सातची बाजू

दरवर्षी वर्तुळाचा धडा सुरू झाला की मी वर्गात एक प्रश्न टाकते. ३.१४ आणि २२/७, या दोघांपैकी पायच्या (π) जास्त जवळ कोण? जवळपास सगळे हात ३.१४ साठी वर जातात. कारण विचारलं तर उत्तर तयारच असतं, "बाई, दशांशातलं अचूक असतंय."

मग फळ्यावर मांडते. पाय म्हणजे ३.१४१५९२६५ आणि पुढं न संपणारं बरंच काही. ३.१४ त्याच्यापेक्षा ०.००१५९ नं कमी पडतो. २२/७ म्हणजे ३.१४२८५७, तो ०.००१२६ नं जास्त होतो. म्हणजे छेदात नुसता सात असलेला अपूर्णांक, छेदात शंभर असलेल्या ३१४/१०० पेक्षा पायच्या जवळ बसतो. मुलं वहीत वजाबाकी पुन्हा करून बघतात, दोन-तीन जण कॅल्क्युलेटर मागतात. कुणालाच पटकन पटत नाही, आणि मला ते बरं वाटतं. पटत नाही म्हणूनच ती मुलं स्वतः मोजतात.

या बावीस छेद सातवर माझा जीव आहे. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांनी त्याची फार परवड केली. त्रिज्या ७, १४, २१ किंवा ३.५ दिसली की २२/७ घ्यायचा, १० दिसली की ३.१४, एवढंच मुलांच्या हाती उरतं. उत्तर सुटसुटीत यावं म्हणून त्रिज्या निवडलेली असते, आणि मुलांना वाटतं की पाय ही सोयीप्रमाणे बदलणारी संख्या आहे. त्यात नववीला कळतं की पाय अपरिमेय आहे, त्याला अपूर्णांकात लिहिताच येत नाही. मागच्या बाकावरून एखादी पोरगी उठून विचारते, "बाई, मग २२/७ हा काय अपूर्णांक न्हाई?" हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी पहिल्या बाकावर बोलावते. तिला नेमकी अडचण दिसलेली असते. पुस्तकात 'पाय = २२/७' असं छापलेलं असतं आणि बरोबरीच्या त्या दोन आडव्या रेघा खऱ्या नसतात. तिथं 'जवळपास'ची वळलेली खूण हवी. १७६१ साली लाम्बर्ट या गणितज्ञानं पाय अपरिमेय असल्याचं सिद्ध केलं, तेव्हापासून या बाबतीत शंकेला जागाच नाही. कितीही मोठे अंश-छेद घ्या, पाय तिथं सापडायचा नाही.

पण म्हणून अपूर्णांक कमी प्रतीचे आणि दशांश वरच्या प्रतीचे, हे मला कधीच मान्य झालं नाही. त्याचं कारण शाळेत नाही, उद्यमनगरात आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायच्या यंत्रावर, आयुष्य गेलं. उद्यमनगर म्हणजे एका बाजूला फाउंड्रीची काळी वाळू, दुसऱ्या बाजूला लेथचा घरघराट, आणि मधल्या बोळात कास्टिंगनं भरलेले टेंपो. सुट्टीत मी डबा घेऊन जायची आणि तिथंच रेंगाळायची. लेथच्या डोक्याशी, डाव्या बाजूला एक झाकण असतं. ते उघडलं की आत दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली दिसतात. आटे पाडायचे असले की आण्णा ते झाकण उघडून गिअर बदलायचे. कोणता गिअर कुठं, याचा हिशोब एका तेलकट वहीत. त्या वहीत एका पानावर लिहिलेलं मला अजून डोळ्यासमोर दिसतं: 'मॉड्यूल २, लीड स्क्रू ६. ५५ × ४० / ३५ × ६०.'

याचा अर्थ मला गणितात पदवी घेतल्यावर उमगला. तो इथं नीट सांगते, कारण पायचा इतका ठोस नमुना मी दुसरीकडं पाहिलेला नाही.

लेथवर आटे पडतात ते असे. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, एक फेरा फिरतो तेवढ्या वेळात हत्यारानं ठरावीक अंतर पुढं सरकायचं असतं. हत्याराला सरकवतो तो लीड स्क्रू. जॉब आणि लीड स्क्रू यांच्या मधे हे बदलायचे गिअर. लीड स्क्रूच्या एका फेऱ्यात हत्यार ६ मिलिमीटर सरकत असेल आणि आपल्याला ३ मिलिमीटरचे आटे हवे असतील, तर लीड स्क्रू अर्धा फेरा फिरला पाहिजे. गिअरच्या दातांचं गुणोत्तर एकास दोन. सरळ हिशोब.

वर्म पाडायचा झाला की हा सरळपणा संपतो. वर्म म्हणजे गिअरच्या चाकाला फिरवणारा जाड आट्यांचा दांडा, रिडक्शन गिअरबॉक्समधे असतो तो. त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पाय गुणिले मॉड्यूल, आणि मॉड्यूल म्हणजे गिअरच्या दातांचं माप सांगणारा आकडा. मॉड्यूल २ असेल तर ६.२८३२ मिलिमीटर. लीड स्क्रू ६ चा. म्हणजे गिअरचं गुणोत्तर पाय भागिले ३ यायला हवं. आता गिअरला दात पूर्ण संख्येतच असतात. ५५ दातांचा गिअर मिळतो, ५६ चा करून घेता येतो, पण साडेपंचावन्न दातांचा गिअर कुणी बनवू शकत नाही. लेथला दशांश चिन्ह लावताच येत नाही. त्याला पाय द्यायचा तर दोन पूर्ण संख्यांच्या भागाकारातच द्यावा लागतो. पायच्या जागी २२/७ ठेवला की गुणोत्तर २२/२१ होतं, आणि ५५ × ४० भागिले ३५ × ६० म्हणजे बरोबर २२/२१. पाच-पाचच्या टप्प्यानं दात वाढत जाणाऱ्या गिअरच्या साध्या संचात हे चारही गिअर असतात.

चूक किती राहते? एका आट्याला ६.२८३२ च्या जागी ६.२८५७. म्हणजे अडीच मायक्रॉन. चाकात एका वेळी गुंतणारे आटे चार-पाच. तेवढ्यानं गिअरबॉक्सचं काही बिघडत नाही. पण मीटरभर लांबीची रॅक, म्हणजे सरळ दातेरी पट्टी, असेल तर हीच चूक साठत जाऊन ०.४ मिलिमीटरवर पोचते, आणि ती मात्र बोचते. अशा वेळी टर्नर लोक दुसरा गुणाकार काढतात: ३२ × २७ भागिले २५ × ११. हा ३.१४१८ येतो आणि चूक २२/७ च्या पाचव्या हिश्शाहूनही कमी होते. किंवा १९ × २१ भागिले १२७, म्हणजे ३.१४१७. १२७ दातांचा गिअर तर इंची लेथवाल्यांकडं बहुतेक असतोच, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजे १२७/५, आणि १२७ ही मूळ संख्या असल्यानं तिला फोडून दोन छोट्या गिअरमधे वाटता येत नाही.

इथंच मला एक गोष्ट फार आवडते. पायचा अतिशय जवळचा एक छोटा अपूर्णांक आहे, ३५५/११३. त्याच्याबद्दल पुढं बोलते. पण लेथवर तो चालत नाही. ११३ मूळ संख्या, ३५५ म्हणजे ५ × ७१, आणि ७१ सुद्धा मूळ. ११३ आणि ७१ दातांचे गिअर नेहमीच्या संचात नसतात. गणिताच्या दृष्टीनं सरस असलेला अपूर्णांक कारखान्यात बाजूला पडतो आणि ज्याचे अवयव लहान आहेत तो कामाला येतो. आण्णांना मूळ संख्या हा शब्द ठाऊक होता की नाही, सांगता येणार नाही. पण कोणती संख्या 'फुटते' आणि कोणती 'फुटत न्हाई' हे त्यांना तोंडपाठ होतं.

मॉड्यूल या कल्पनेबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. मेट्रिक गिअरचा व्यास काढताना पाय लागतच नाही. मॉड्यूल २ आणि दात ४०, की पिच वर्तुळाचा, म्हणजे दातांच्या मधून जाणाऱ्या कल्पित वर्तुळाचा, व्यास ८० मिलिमीटर. ज्यानं ही पद्धत बसवली त्यानं पाय व्यासातून काढून दोन दातांमधल्या वक्र अंतरात ढकलून दिला. ते अंतर पट्टीनं कुणी मोजत नाही. चाकाला चाक भिडतं तोवर पाय दोन्हीकडं सारखाच, त्यामुळं त्याचा त्रास नाही. रॅक किंवा वर्म आला, म्हणजे गोल गोष्टीची गाठ सरळ गोष्टीशी पडली, की लपवलेला पाय बाहेर येतो. मला हे कमालीचं हुशारीचं वाटतं.

शेजारच्या पॅटर्नच्या दुकानातल्या मेस्त्रींना तर २२/७ वर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. ओतीव लोखंड गार होताना आवळतं, म्हणून साच्यासाठीचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, मोठा करायचा: फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. म्हणजे शंभराला एकाहून थोडं जास्त. २२/७ ची चूक दहा हजाराला चार. जिथं धातूच पंचवीस पट जास्त हलतो तिथं पायचे पुढचे आकडे घेऊन करायचं काय? आता सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, आलं, कंट्रोलर आपले आपण भरपूर दशांश स्थळं सांभाळतो, झाकण उघडून गिअर बदलणारे हात कमी झाले. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतसुद्धा ग्रहांमधल्या प्रवासाच्या अतिअचूक गणिताला पायची पंधरा दशांश स्थळं पुरतात.

तर ३५५/११३. हा कुठून येतो ते साध्या कॅल्क्युलेटरवर बघता येतं आणि मी प्रत्येक वर्गाकडून करून घेते. ३.१४१५९२६५ मधून ३ वजा करा. जे उरलं त्यानं १ ला भागा. ७.०६२५ येतं. ते जवळपास ७, म्हणून पाय जवळपास ३ आणि १/७, म्हणजे २२/७. आता ७ वजा करा आणि उरलेल्यानं परत १ ला भागा. १५.९९६६ येतं. हे १६ च्या इतकं जवळ आहे की १६ च धरलं, तर ३ आणि १६/११३, म्हणजे ३५५/११३. याची किंमत ३.१४१५९२९. सहा दशांश स्थळं बरोबर. गंमत अशी की पायची सहा स्थळांपर्यंतची किंमत, ३.१४१५९३, हिच्या छेदात दहा लाख आहेत, आणि तरी ती ३५५/११३ पेक्षा पायपासून किंचित लांबच आहे! एक किलोमीटर व्यासाचं वर्तुळ आखलं तर ३५५/११३ नं परिघात पाव मिलिमीटरच्या आसपास फरक पडेल. २२/७ नं सव्वा मीटर. लक्षात ठेवायला १, १, ३, ३, ५, ५ लिहायचं आणि मधे कापायचं: आधीचे तीन आकडे छेद, नंतरचे तीन अंश. चीनमधे पाचव्या शतकात झू चोंगझी या गणितज्ञानं ही किंमत दिली. त्यानं २२/७ ही ओबडधोबड आणि ३५५/११३ ही बारकाईची, अशा दोन्ही नोंदवल्या होत्या.

२२/७ कुठून आला याची हकिकत मी वर्गात सांगत नाही, खिद्रापूरला सांगते. शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी कोपेश्वराचं मंदिर आहे, बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. त्याच्या स्वर्गमंडपाला मधोमध छप्परच नाही. वर गोल झरोका, खाली तेवढीच गोल शिळा, आणि भोवती बारा खांबांचं कडं. शाळेची सहल नेली की मी प्रत्येक खांबापुढं एकेक मूल उभं करते आणि हातात सुतळी देते. बारा मुलं, सुतळी ताणलेली, एका मुलाकडून दुसऱ्याकडं सरळ रेषेत. खांब सारख्या अंतरावर आहेत असं धरलं तर या बारा कडांच्या आकृतीची परिमिती व्यासाच्या ३.१०५८ पट होते. सहाच मुलं ठेवली, एकाआड एक, तर बरोबर ३ पट. आणि सुतळीच्या आत सापडलेल्या जमिनीचं क्षेत्रफळ? बरोबर त्रिज्येच्या वर्गाच्या ३ पट, ना कमी ना जास्त. मधल्या बिंदूपासून बारा त्रिकोण पाडा, प्रत्येकाचा मधला कोन ३० अंश, त्याचं साइन अर्धा, म्हणून एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाचा चौथा हिस्सा. असे बारा. झाले तीन. दहावीच्या मुलांना हे तिथं उभ्या उभ्या सिद्ध करता येतं.

आर्किमिडीजनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हेच केलं. सहा बाजूंपासून सुरुवात, मग बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस, शहाण्णव. सुतळी वर्तुळाच्या आतून लावली तर परीघ कमी भरतो, बाहेरून लावली तर जास्त. शहाण्णव बाजूंना त्यानं म्हटलं: पाय २२३/७१ पेक्षा मोठा आणि २२/७ पेक्षा लहान. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. पाय २२/७ आहे असं तो कुठंच म्हणत नाही. २२/७ ही त्यानं बांधलेली वरची भिंत आहे. पाय हिच्या पलीकडं जाणार नाही याची ती हमी. ३.१४ अशी हमी देत नाही, तो मधेच तोडलेला असतो, म्हणून कमीच पडतो. कंत्राटदाराला कुंपणाची तार आणायची असेल तर मी त्याला डोळे झाकून २२/७ सांगेन. थोडी उरेल, पण कमी पडणार नाही.

कोपेश्वराच्याच शतकात, ११५० च्या सुमारास, सह्याद्रीच्या आश्रयानं वसलेल्या गावचे भास्कराचार्य लीलावती लिहीत होते. त्यात परिघाचा एकच श्लोक आणि त्यात दोन्ही किमती. 'व्यासे भनन्दाग्निहते विभक्ते खबाणसूर्यैः'. भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नी ३. उजवीकडून डावीकडं मांडले की ३९२७. ख म्हणजे शून्य, बाण ५, सूर्य १२, म्हणून १२५०. व्यासाला ३९२७ नं गुणा आणि १२५० नं भागा, की परीघ सूक्ष्म मिळतो. ही किंमत ३.१४१६, आर्यभटांनी ४९९ साली ६२८३२ भागिले २०००० अशी सांगितली तीच. आणि श्लोकाच्या दुसऱ्या अर्ध्यात: बावीसनं गुणा, सातनं भागा, हा परीघ स्थूल, पण व्यवहाराला योग्य. साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वी पाठ्यपुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं होतं की किमती दोन आहेत, एक सूक्ष्म आणि एक स्थूल, आणि कोणती कुठं वापरायची. आपल्या उदाहरणसंग्रहांतून नेमकं तेवढंच गळालं.

आपण तारीख लिहिताना आधी दिवस लिहितो, म्हणून २२ जुलै हा आपल्याकडं सरळ २२/७ असतो. १४ मार्चचा पाय दिवस अमेरिकन पद्धतीनं तारीख लिहिणाऱ्यांचा, शिवाय तेव्हा परीक्षा तोंडावर. मी जुलैतला दिवस धरते. बाहेर पावसाची झड असते, मैदान बंद, मुलं वर्गातच. त्या दिवशी आम्ही माधवाची श्रेढी करतो.

संगमग्रामचा माधव, केरळातला, चौदाव्या शतकातला. त्याच्या परंपरेनं पायचं सूत्र दिलं: १ वजा १/३ अधिक १/५ वजा १/७ अधिक १/९, असं पुढं जात राहायचं. ही बेरीज पायच्या चौथ्या हिश्शाकडं जाते. युरोपात हीच श्रेढी सतराव्या शतकात आली. दिसायला इतकी देखणी, पण चालीला फार संथ. शंभर पदं बेरजेत घेतली तरी ३.१३१६ पर्यंतच पोचते, दुसऱ्या दशांश स्थळालाच चुकते. केरळच्या या लोकांनी पुढं जे केलं ते मला श्रेढीपेक्षाही मोठं वाटतं. उरलेली न संपणारी शेपटी साधारण किती असेल, याचाच त्यांनी हिशोब केला. जेवढी पदं घेतली ती संख्या वर, आणि तिच्या वर्गाच्या चौपटीत एक मिळवून खाली. पाच पदं घेतली असतील तर ५/१०१. शेवटचं पद मिळवलेलं असेल तर ही दुरुस्ती वजा करायची, शेवटचं पद वजा केलेलं असेल तर मिळवायची. माधवाच्या नावावर पायची अकरा दशांश स्थळांपर्यंत बरोबर असलेली किंमत आहे.

मुलं दोन गट करतात. पहिला गट पाच पदं घेतो. नुसत्या बेरजेची चौपट केली तर ३.३४ येते, वर्गात हशा पिकतो. मग त्या बेरजेतून ५/१०१ वजा करतात आणि परत चौपट करतात: ३.१४१६६. हसणं थांबतं. दुसरा गट सहा पदं घेतो आणि ६/१४५ मिळवतो: ३.१४१५६. एक गट पायच्या वर, दुसरा खाली, आणि दोघांच्या मधे फक्त एक दहा हजारांश. सात पदं घेतली तर आपण कुठल्या बाजूला येणार, हे मी सांगत नाही. तोवर कुणीतरी १/१३ चा भागाकार सुरू केलेला असतो.